बैल बघायचे तर सकाळीच निघा

प्रश्न : ताई, माझे आई-बाबा जूनच्या शेवटी पहिल्यांदाच अमेरिकेत येताहेत, तीन महिन्यांसाठी. आम्ही न्यू जर्सीत प्लेन्सबरोला राहतो. बाबा वाळवा तालुक्यातले शेतकरी, वय ७१. ऊस आहे, थोडा जोंधळा आहे, आणि ट्रॅक्टर असूनही त्यांनी एक बैलजोडी अजून ठेवलीय. आईचे गुडघे दुखतात. अपार्टमेंटमध्ये बाबांचा जीव रमणार नाही, याची मला आत्तापासून धास्ती आहे. हॉवेल फार्म (तिथं अजून बैल-घोड्यांनी शेती करतात) आणि डेलावेअरचा नदीकाठ असा एक दिवस काढावा म्हणतो. सोबत सहा आणि नऊ वर्षांची मुलं. कसं आखावं? शिवाय बाबा म्हणतात, येताना जोंधळ्याचं आणि घेवड्याचं बी आणतो, तुमच्या गॅलरीत लावू. आणू द्यावं का?
(एक वाचक, प्लेन्सबरो)

उत्तर : आधी बियाण्याचं सांगते, कारण ते विमानात बसायच्या आधी ठरलं पाहिजे. आणू देऊ नका. पेरायचं बी परवाना आणि रोगमुक्ततेचा सरकारी दाखला असल्याशिवाय इथं आणता येत नाही. सांगून आणलं तर काढून घेतात, न सांगता आणलेलं सापडलं तर दंड होतो. बाबांना हे फोनवर नीट समजावून सांगा. ओंजळभर घरचं बी विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात पडताना बघणं त्यांना फार लागेल.

दुसरी गोष्ट चपलांची. इथं उतरताना विचारतात, शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का. बाबांनी खुशाल हो म्हणावं, त्यात लाजण्यासारखं किंवा लपवण्यासारखं काही नाही. मात्र गोठ्यात वापरलेल्या चपला-बूट आणूच नयेत. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत ही जनावरांची साथ आहे, अमेरिकेत ती १९२९ नंतर आलेली नाही, आणि येऊ नये म्हणून हे लोक जीव टाकतात. बाबांनी लाळ्या झालेलं जनावर पाहिलंच असेल, त्यांना हे कारण एका वाक्यात पटेल. त्याच कारणानं, आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांना इथल्या जनावरांजवळ नेऊ नका. निदान एक आठवडा जाऊ द्या, जेट लॅगही तोवर उतरेल. तिथं जाताना इथं घेतलेले नवे बूट घाला.

आता फार्मचं. मर्सर काउंटीत होपवेल टाउनशिपमध्ये प्लेझंट व्हॅली नावाचं छोटं खोरं आहे, त्यात हे १३० एकरांचं शेत. चार्ल्स हॉवेल हे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते. त्यांच्या पत्नी आयनेझ हॉवेल यांनी १९७४ साली त्यांच्या आठवणीसाठी हे शेत काउंटीला देऊन टाकलं. देताना त्यांची इच्छा अशी होती की, जुन्या काळचं जगणं लोकांना, विशेषतः मुलांना, नुसतं बघता येण्यापेक्षा करूनही बघता यावं. गाय पिळावी, अंडी गोळा करावीत, लोकर पिंजावी. म्हणून तिथं १८९० ते १९१० या काळातली शेती आजही घोड्यांनी आणि बैलांनी केली जाते. प्रवेशाला पैसे नाहीत.

तुम्ही विचारलंत, आखणी कशी करावी. माझं सांगणं एकच आहे : जागा बघून दिवस ठरवू नका, काम बघून ठरवा. त्या दिवशी तिथं काय चालणार आहे, हे आधी फोन करून विचारा. शनिवारी बहुतेक कामाचा मोठा कार्यक्रम असतो, सोमवारी बंद असतं. पण गहू पावसावर, उन्हावर चालतो, कॅलेंडरवर नाही, तेव्हा आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारा.

हे मी इतक्या जोर देऊन का सांगते, तर २००९ साली मी माझ्या वडिलांना, अण्णांना, तिथं घेऊन गेले तेव्हा चुकले होते. अण्णा कोरेगाव तालुक्यातले, जन्मभर कोरडवाहू शेती केलेले. मी एका दिवसात सगळं बसवायला गेले. सकाळी प्रिन्स्टन, मग देऊळ, मग बाहेर जेवण, आणि सव्वातीनला फार्म. पोचलो तेव्हा घोडे तबेल्यात बांधलेले, अवजारं आत ढकललेली, एक मुलगा अंगण झाडत होता. अण्णा कुंपणाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "औत सुटल्यावर शिवारात आलो बघ आपण." रागावले नाहीत, पण परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. मला ते अजून टोचतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. जुलैचा पहिला पंधरवडा, शनिवार, दार उघडायच्या वेळेला आम्ही हजर. त्या दिवशी गव्हाची कापणी होती. तुमचे आई-बाबा नेमके त्याच दिवसांत इथं आहेत, म्हणून मला तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला. आपल्याकडे गहू दिवाळीच्या सुमाराला पेरतात आणि फाल्गुनात काढतात. इथं पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, मग तो बर्फाखाली मुकाट निजतो आणि जुलैत कापणीला येतो. बाबांना हे आधी सांगू नका. त्यांनाच विचारू दे, "हा गहू कधी पेरला?" शेतकऱ्यानं शेतकऱ्याला विचारलेला प्रश्न असतो तो. मध्ये दुभाषी म्हणून तुम्ही उभे राहा, पण उत्तर स्वतः देऊ नका, तिथल्या माणसालाच देऊ द्या.

दव उतरल्यावर त्यांनी घोडे जुंपून बाइंडर काढला. हे यंत्र गहू कापतं आणि त्याच्या पेंढ्या सुतळीनं आपोआप बांधून बाजूला टाकतं. अण्णा पेंढीकडे बघत नव्हते, गाठीकडे बघत होते. यंत्र थांबलं तेव्हा वाकून त्यांनी ती गाठ मारणारी लोखंडी चोच शोधून काढली. पक्ष्याच्या चोचीएवढीच, गोल फिरते, सुतळी धरते, ओढते आणि सोडते. मग त्यांनी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणा दातांखाली धरला. "ओला आहे अजून," म्हणाले. मी ते भीत भीत भाषांतर करून सांगितलं. काम करणारा माणूस खूश झाला. म्हणाला, बरोबर ओळखलंत, बाइंडरनं कापायचा तर थोडा आधीच कापतो, नाहीतर दाणे गळतात. पेंढ्या एकमेकींना टेकवून शेतातच उभ्या ठेवायच्या, मग तो वाळतो. पुढचा अर्धा तास ते दोघं माझ्याशिवायच बोलत होते, हातवारे करून.

आता बैलांबद्दल, कारण तुमच्या बाबांचं लक्ष तिथंच जाणार. इथल्या बैलांना वशिंड नसतं. आपलं जू वशिंडाच्या पुढं बसतं, बाजूला शिवळा (उभ्या दांड्या), खालून सापत्या (गळ्याखालचे पट्टे). इथलं जू म्हणजे जाड तासलेलं लाकूड, आणि त्यात खालून अडकवलेल्या, वाकवलेल्या लाकडाच्या दोन कमानी, मानेभोवती गळ्यातल्या हसळीसारखी. वेसण नाही, कासराही नाही. माणूस बैलांच्या डाव्या बाजूनं चालतो आणि नुसत्या शब्दावर त्यांना वळवतो. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे, 'व्हो' म्हटलं की जागीच उभे. अण्णांना ते खरंच वाटेना. तीनदा बैलांच्या नाकाकडे वाकून बघितलं.

मग त्यांनी विचारून बैलाच्या मानेवर हात ठेवला, जिथं जू बसतं तिथं, आणि बोटांनी चाचपत राहिले. खांदा आलाय का, सूज आहे का, कातडी सोलवटलीय का, हे ते बघत होते. कुठंच काही नव्हतं. तेव्हा आषाढ चालू होता, गावी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, जवळ आलेला. अण्णा मला म्हणाले, "विचार त्याला, हळद आणि तेल लावून खांदे मळू का?" मी विचारलं. तो माणूस म्हणाला, बाहेरचं काही आम्ही जनावरांना लावू देत नाही, पण थांबा. आत गेला आणि एक मोठा ब्रश घेऊन आला. अण्णांनी पंधरा-वीस मिनिटं त्या बैलाची मान, खांदे आणि पाठ घासली. बैलानं डोळे मिटून घेतले होते. अण्णांचं त्या वर्षीचं बेंदूर तिथं झालं.

म्हणून सांगते, जायचं ते आषाढात जा, आणि पुरणपोळी बाबांसाठी न्या, बैलासाठी नको. न विचारता काही खायला घालायचं नाही, हे मुलांनाही बजावा.

आईच्या गुडघ्यांसाठी : पार्किंगपासून गोठ्यापर्यंत खडीच्या वाटेनं चालावं लागतं, आणि अंगणही गुळगुळीत नाही. काठी असेल तर घ्या, घडीची खुर्ची गाडीत टाकाच. आईला एवढं चालणं जमणार नसेल तर काय करता येईल, तेही फोनवर विचारून ठेवा. जुलैत इथं ३० अंशांच्या वर पारा जातो आणि हवा दमट असते, अगदी कोकणासारखी. कराडकडच्या माणसाला कोरडं ऊन चालतं, हे दमट ऊन दमवतं. ताकाच्या दोन बाटल्या बर्फात, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. भात-आमटीचा घाट नको.

दुपारी एकच्या सुमाराला जनावरांकडून निघा आणि नदीवर जा. रस्ता क्रमांक २९ नदीच्या कडेकडेनंच जातो, फार्मपासून काही मिनिटांवर. नदीला समांतर डेलावेअर-रॅरिटन कालव्याची शाखा आहे, १८३०च्या दशकात कुदळ-फावड्यानं खणलेली. कालव्यातल्या नावा खेचरं काठानं चालत ओढून नेत. हे बाबांना जरूर सांगा. आज त्याच कालव्याचं पाणी न्यू जर्सीच्या मध्यभागातली माणसं पितात. तुमच्या नळालाही ते येत असण्याची शक्यता आहे, बिलावर कंपनीचं नाव बघा आणि चौकशी करा. कालवा आणि नदी यांच्यामधून जुन्या रेल्वेमार्गाची सपाट वाट आहे, झाडांच्या सावलीतली. आईला हीच वाट द्या. चढ नाही, पायऱ्या नाहीत, आणि दहा मिनिटं चालून बसायचं ठरवलं तरी नदी दिसतेच.

थोडं खाली गेलं की वॉशिंग्टन क्रॉसिंग. १७७६च्या २५ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहत असलेली ही नदी जॉर्ज वॉशिंग्टननं सुमारे २,४०० सैनिकांसह नावांतून ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेंटनवर छापा घातला. नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट आजोबांनी सांगावी. गनिमी काव्याची गोष्ट सांगण्यात सांगली-साताऱ्याच्या आजोबांचा हात कोण धरणार? तुम्ही फक्त आदल्या रात्री त्यांना तपशील पुरवा.

नदीच्या वरच्या अंगाला लँबर्टव्हिल गावाशी वसंतात शॅड नावाचा मासा समुद्रातून नदीत चढून येतो. कोकणात पाला किंवा भिंग म्हणतात ना, बंगाल्यांचा हिलसा, त्याचाच हा भाऊबंद. तुमची पाहुणेमंडळी येतील तोवर त्याचा मोसम संपलेला असेल, पण जूनच्या आधी कुणाचे आई-वडील येणार असतील तर ध्यानात ठेवा. या नदीच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, म्हणून तो अजून चढतो. कोयना आणि कृष्णेची धरणं बघितलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते मला कळवा.

आई नदी बघितल्यावर हात जोडेल, आणि पिशवीतून हळदकुंकू, नारळ काढेल. काढू द्या, पण नदीत सोडू देऊ नका. काठावर नमस्कार करा, नारळ घरी आणून फोडा. हे पाणी खाली फिलाडेल्फियाचे लोकही पितात, असं सांगितलंत तर आई स्वतःच म्हणेल, राहू दे. आणि पाय बुडवायलाही कुणी उतरू नका. वरून शांत दिसते, पण ओढ आहे. कालव्याच्या काठाला कठडा नाही, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाचा हात सोडू नका.

शेवटी दोन गोष्टी, ज्या बाबांना गावाकडच्या अनुभवानं चुकीच्या वाटतील. गोचीड म्हटल्यावर ते बैलाच्या कानातली टपोरी गोचीड समजतील. इथली हरणांवरची गोचीड लहानपणी खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यामुळं लाइम नावाचा आजार होतो. गवतात जाताना पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर सगळ्यांनी अंघोळ करून गुडघ्यामागं, काखेत, कानामागं, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल-रॉकेल लावत बसू नका. दुसरं, पळसाला पानं तीनच, हे आपण म्हणतो. इथं तीन पानांची एक वेल झाडांवर चढलेली असते, पॉयझन आयव्ही. ती पळस नाही. हात लागला की आठवडाभर खाजवत बसावं लागतं. बाबांना पानं चुरगाळून वास घ्यायची सवय असणार, आमच्या अण्णांना होती. पहिल्याच दिवशी ती वेल दुरून दाखवून ठेवा.


प्रश्न : माझी नणंद ठाण्याहून जानेवारीत येतेय. तेव्हा थंडीत हॉवेल फार्मवर बघण्यासारखं काही असतं का, की घरात बसावं?
(एक वाचक, एडिसन)

उत्तर : जानेवारीतलं काम मला जुलैइतकंच आवडतं. तळं पुरेसं गोठलं तर तिथं बर्फाची कापणी करतात. लांब दातांच्या करवतीनं बर्फाच्या लाद्या कापायच्या, आकड्यांनी ओढत काठावर आणायच्या आणि बर्फघरात रचायच्या. लोकांनाही करवत धरू देतात. बर्फ कापताना करवतीचा आवाज लाकडासारखा येत नाही, ओल्या खडूसारखा येतो, आणि तो मी अजून विसरलेले नाही. नीट झाकून ठेवलेला हा बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकतो.

नणंदबाईंना यातली मुंबईची गोष्ट सांगा. फ्रिज नव्हते तेव्हा फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्यानं असाच तळ्यातला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजानं हिंदुस्थानात पाठवायला सुरुवात केली. पहिलं जहाज १८३३ साली कलकत्त्याला पोचलं. पुढं मुंबईतही तो बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला बर्फघर बांधलं गेलं. चार महिने समुद्रावर काढून, विषुववृत्त ओलांडून आलेला बर्फ! ठाण्याच्या माणसाला मुंबईचा उकाडा ठाऊक असतो, म्हणून त्या बर्फाची किंमत तिला बरोबर कळेल.

पण हिवाळा आता भरवशाचा राहिलेला नाही. बर्फ जाड झाला नाही तर तळ्यावर कुणाला जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आदल्या दिवशी फोन कराच. नणंदबाई फेब्रुवारीपर्यंत राहणार असतील तर मेपलचा रस उकळून पाक करतात तोही बघता येईल. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर पाक होतो. आपल्या गुऱ्हाळावर काहिलीभोवती उभं राहिलेल्या माणसाला त्या वाफेत एकदम गावी गेल्यासारखं होतं. पायात दोन मोजे आणि पाणी आत न शिरणारे बूट हवेत. साडी नेसायची असेल तर आत गरम लेगिंग्ज घाला, आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा.


प्रश्न : ऑक्टोबरात आमची आठ कुटुंबं मिळून हॉवेल फार्मवरच्या मक्याच्या चक्रव्यूहात (उभ्या मक्यात वाटा काढून केलेला भूलभुलैया) जायचं म्हणतोय. काही सूचना?
(एक वाचक, प्रिन्स्टन जंक्शन)

उत्तर : चक्रव्यूहाला वेगळं तिकीट असतं आणि शनिवारी-रविवारी गर्दी होते. आठ कुटुंबं असतील तर आधी कळवून जा. मुलांचे गट पाडा, प्रत्येक गटात एक मोठं माणूस ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर आत चिखल होतो, तेव्हा दिवाळीसाठी घेतलेले नवे बूट घालू नका. कणसं तोडू नका. तो भाजायचा मका नाही, दाणा वाळवून घ्यायचा असतो. तिथं दळलेलं मक्याचं पीठ विकायला असेल तर एक पिशवी जरूर घ्या. ते भरड असतं, त्यामुळं चाळून घ्या आणि कढत पाण्यात उकड काढून मळा, म्हणजे भाकरी थापताना कडा फुटत नाहीत.